गोधडीतला कॉम्प्युटर

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. जीपच्या सीटखाली शेंगांची टरफलं साठतात तसे ते साठतात. झाडायला घेतलं की कळतं, अरे, हे एवढं कधी झालं? आमच्या संस्थेचा अहवाल दर तीन महिन्यांनी पैसे देणाऱ्यांकडे जायचा. गावं किती, माणसं किती, खेळ किती वेळा दाखवला, एवढंच त्यात मावायचं. जे मावायचं नाही ते परतीच्या वाटेवर जीपमध्ये बोललं जायचं, आणि दर वेळी त्यात थोडी भर पडायची. त्यामुळे पुढचं सगळं खरं आहे, पण मी सांगतेय म्हणजे थोडं मीठमसाल्यासकट आहे असं समजा.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. साल नव्वदीच्या शेवटाकडचं. साताऱ्यात आमची एक छोटी संस्था होती, आणि काम एकच: मुलींची लग्नं अठराच्या आत होऊ नयेत. संस्था अण्णांची. अण्णा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. पथनाट्यं करून झाली होती, पोस्टर लावून झाली होती, भाषणं तर विचारूच नका. लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जाऊन पत्रिका वाटायला घ्यायचे. एकदा अण्णा पुण्याला पुतण्याकडे गेले. तिथे पुतण्याचा पोरगा कॉम्प्युटरवर गेम खेळत बसलेला, आई जेवायला हाका मारतेय, त्याला पत्ता नाही. अण्णा परत आले ते एकच वाक्य घेऊन: "जे जेवण विसरायला लावतं, ते लग्न विसरायला का लावणार नाही?"

मग सिद्धार्थ आला. माधवनगरचा. वडील तिथल्याच गिरणीत होते, हा सांगलीला एका क्लासात कॉम्प्युटर शिकवायचा. बोलायला कमी, कामाला वाघ. कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं उमटायची मारामार होती तेव्हा. यानं आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून एकेक अक्षर स्वतः काढलं आणि की-बोर्डच्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. गेमचं नाव 'अठरा'. पडद्यावर डावीकडे घर, उजवीकडे कॉलेज, मधल्या रस्त्यावर परकर-पोलक्यातली एक मुलगी. वाटेत इयत्ता येतात, आजारपणं येतात, दुष्काळ येतो, आणि मुख्य म्हणजे स्थळं येतात. स्थळ आलं की हिरवं बटण 'होय', लाल बटण 'नाही'. मुलीला अठराव्या वर्षापर्यंत शिकत नेलं की तुम्ही जिंकलात.

मला धरून चौथा माणूस दादू. आमचा ड्रायव्हर, पाटणजवळच्या एका खेड्यातला. त्याच्या बायकोनं, सुलोचनावहिनींनी, कॉम्प्युटरसाठी जुन्या लुगड्यांची खास गोधडी शिवून दिली होती. मॉनिटर त्या गोधडीत गुंडाळून माझ्या मांडीवर. अर्धा सातारा आणि अर्धा सांगली जिल्हा मी ते बाळ मांडीवर घेऊन फिरले आहे.

*

पहिल्याच गावातली गोष्ट. त्या काळी कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा नियम असायचा. धुळीनं मशीन बिघडतं म्हणे. सिद्धार्थ क्लासातून आलेला, त्यामुळे त्याच्या अंगात तो नियम मुरलेला. त्यानं शाळेच्या खोलीबाहेर पाटी लावली, 'चपला बाहेर काढाव्यात.'

झालं! लोकांनी चपला काढल्या, नळावर जाऊन पाय धुतले, आणि आत येऊन मॉनिटरला हात जोडले. एका आजीनं पदरातलं नाणं काढून की-बोर्डवर ठेवलं. दुसऱ्या एक बाई दारातच थांबल्या होत्या. मी बोलवायला गेले तर कानात म्हणाल्या, चार दिवस आत यायचं नाही मला, मी इथूनच बघते.

सिद्धार्थ हे सगळं बघत उभा होता. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली घरातले सगळे देव विहिरीत सोडलेले. तो मला हळूच म्हणाला, "ताई, आमच्या तीन पिढ्या देवळातनं बाहेर पडायला खपल्या, आणि मी एका पाटीनं नवं देऊळ बांधलं."

दुसऱ्या गावी त्यानं पाटी काढून टाकली. लोक चपलांसकट आले, फ्लॉपीच्या फटीत एवढी माती गेली की दोन दिवस मशीन बंद. पण त्यानं पाटी परत लावली नाही. त्या दिवसापासून खिशात रंगाचा ब्रश घेऊन फिरायचा आणि येता-जाता माती झाडायचा.

*

शिराळ्याकडच्या एका गावात बायकांचा मेळावा होता. पहिल्या खेळाडू म्हणून एक पोक्त बाई बसल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं. गेम सुरू झाला. मुलगी सहावीत गेली, सातवीत गेली, आणि स्थळ आलं. पडद्यावर फेटेवाले तीन पाहुणे दारात उभे. मी म्हटलं, काकू, आता लाल बटण दाबा. नाही म्हणा.

काकू दाबेनात. मला वाटलं, त्यांना मुलीचं लग्न करायचंय. मी माझं भाषण सुरू केलं. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते समदं खरं हाय बाई. पर दारात आल्याल्या पाव्हण्यांस्नी च्या न देताच न्हाई म्हनू व्हय?"

मागच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. खेळ तिथेच अडकला. पाहुणे दारात, काकू खुर्चीत. सिद्धार्थनं त्या रात्री चहाचं बटण घातलं. दुसऱ्या दिवशी त्याच काकू परत बसल्या, पाहुण्यांना चहा दिला, पाहुणे प्यायले, आणि पुन्हा गाडी अडली. आता काय? तर म्हणे, आपल्याकडे 'नाही' असं तोंडावर कुणी म्हणत नाही, म्हणजे स्थळाचा अपमान. आपल्यात 'कळवतो' म्हणतात.

मग सिद्धार्थनं पिवळं बटण घातलं: 'कळवतो'. आणि काय सांगू, त्या दिवसापासून लाल बटण कुणी दाबलंच नाही! प्रत्येक स्थळाला चहा, प्रत्येक स्थळाला 'कळवतो', आणि मुलगी आपली चाललीय शाळेत. गावंच्या गावं जिंकायला लागली.

अण्णांना हे पटेना. ते म्हणाले, हे काय सामाजिक परिवर्तन आहे? ही तर चालढकल आहे. मी म्हटलं, अण्णा, आपल्याला चार वर्षांची चालढकलच तर हवीय. अण्णा चष्मा पुसत बसले. मुद्दा पटला की ते चष्मा पुसायचे.

*

हा छोटासा आहे. मुंबईहून पैसे देणाऱ्या संस्थेच्या एक मॅडम पाहणीला आल्या. माण तालुक्यातल्या एका वाडीत संध्याकाळचा खेळ. लाईट गेलेली, आमचा जनरेटर चालू, दिवा लावलेला, गर्दी तुडुंब. मॅडम खूश. पुढे बसलेल्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, या खेळामुळे तुमच्या गावात काय बदल झाला?

म्हातारी म्हणाली, "उजेड पडला."

मॅडमनी ते वाक्य लगेच वहीत उतरवून घेतलं. पुढच्या वर्षीच्या त्यांच्या छापील पुस्तिकेत ते मुखपृष्ठावर आलं. म्हातारी पुढे जे म्हणाली ते मॅडमनी लिहिलं नाही. ती म्हणाली, "तुमचं यंतर आलं का दिवा लागतुया. तेवढ्यात मी तांदूळ निवडून घेती."

तिच्या मांडीवर सूप होतं, ते मॅडमना दिसलं नव्हतं.

*

सांगलीकडचा किस्सा वेगळ्या जातीचा. तिकडे एका तालमीतल्या पोरांसाठी खेळ ठेवला होता. अण्णांचं म्हणणं, आज ना उद्या हीच पोरं नवरे होणार, बाप होणार, त्यांच्यापर्यंत पोचलं पाहिजे. पैलवान मंडळी अंगाला तेल लावून आली. खुर्चीत मावेनात.

पोरांच्या लगेच लक्षात आलं की पहिल्याच स्थळाला 'होय' दाबलं तर गेम चटकन संपतो. पडद्यावर मुलगी रडायची, 'तुम्ही हरलात' अशी अक्षरं यायची, की संपलं. मग त्यांनी शर्यत लावली. कोण लवकर लग्न लावतो! घड्याळ लावून एकेक जण बसतोय, बाकीचे आरोळ्या ठोकतायत. दुपारभरात आमच्या त्या परकरवाल्या मुलीची इतकी लग्नं झाली की सिद्धार्थचं तोंड कडू झालं. मला तर संताप आला. वाटलं, मशीन उचलावं आणि निघावं. पण जीप दादूची, आणि दादू पैलवानांबरोबर थंडाई पीत बसलेला.

महिन्याभरानं सिद्धार्थ म्हणाला, त्या तालमीत परत जायचंय. गेलो. पोरांनी परत शर्यत लावली. पहिला बसला तो तालमीतला सगळ्यात तगडा गडी, कुठल्याशा मैदानात नुकतीच कुस्ती मारून आलेला. त्यानं झटक्यात 'होय' दाबलं. लग्न लागलं. पण 'तुम्ही हरलात' आलंच नाही. मुलगी सासरी गेली आणि गेम पुढे चालूच राहिला. विहिरीवरून पाणी आणा. शेण काढा. भाकऱ्या थापा. प्रत्येक कामाला बटण. काम चुकलं की सासूचा चेहरा लाल. मूल झालं की बटणं तीच, काम दुप्पट. आणि बाहेर पडायचं बटण सिद्धार्थनं काढून टाकलेलं.

थोड्या वेळात बाकीची पोरं कंटाळून पांगली. हा गडी मात्र उठेना. कुस्ती अर्धवट सोडायची नाही, निकाल लागलाच पाहिजे, हे त्याच्या वस्तादानं लहानपणापासून शिकवलेलं. तो आपला पाणी भरतोय, भाकऱ्या थापतोय, पोर रडलं की बटण दाबतोय. कपाळावर घाम. वस्ताद दोनदा येऊन बघून गेले. शेवटी त्यानं मान वर केली आणि सिद्धार्थला अगदी मनापासून विचारलं, "सर, ही बाई झोपती कवा?"

सिद्धार्थ म्हणाला, "तेवढं मी घातलेलं नाही."

पैलवान पुन्हा पडद्याकडे वळला. जनरेटरचं डिझेल संपलं तेव्हा कुठे उठला.

*

आता दादूकडे येते.

आमच्या सगळ्यांत 'अठरा' सगळ्यात चांगला कोणाला येत असेल तर दादूला. गाडी उभी केली की त्याला दुसरं काम नसायचं. खेळून खेळून त्याला सगळ्या खाचाखोचा पाठ. पुढे पुढे तर गावात गेम समजावून सांगायचं काम तोच करायचा, आणि माझ्यापेक्षा बरं करायचा. मी सुरू केलं की लोक घड्याळ बघायचे. दादू गर्दीत उभा राहून म्हणायचा, "आवं, धाव्वी झाल्याबगार पोरगी द्यायची न्हाई, सांगून ठिवतो. मग भले पाव्हणा सोन्याचा असंल." बायका माना डोलवायच्या. पुरुष खाली बघायचे.

असंच एका गावाहून परत येत होतो. त्या दिवशी दादूनं इतकं छान सांगितलं होतं की मी जीपमध्ये त्याचं कौतुक करत होते. तो गालात हसत होता. उंब्रजच्या पुढे आल्यावर म्हणाला, "ताई, साताऱ्यात लग्नाच्या पत्रिका कुठं चांगल्या छापत्यात?"

मी सहज विचारलं, कुणाचं लग्न? तर म्हणे, "आमच्या मंगलचं बघायलोय."

मंगल त्याची थोरली. नववीची परीक्षा नुकतीच दिलेली.

मागे बसलेल्या सिद्धार्थनंही ते ऐकलं. मला इतका राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. शेकडो परक्या मुलींसाठी आम्ही गावोगाव हिंडत होतो, आणि आमच्याच जीपच्या स्टिअरिंगवर एक लग्न ठरत होतं.

*

अण्णांनी दादूला ऑफिसात बोलवून घेतलं. अण्णा शाळेत छडीशिवाय शिस्त लावायचे म्हणून प्रसिद्ध, त्यामुळे मला फार आशा होती. अण्णांनी कायदा सांगितला, आरोग्य सांगितलं, शेवटी नोकरीचंही सूचकपणे सांगितलं. दादू हात मागे बांधून उभा. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं अण्णांना विचारलं की तुमच्या गेममधल्या पोरीला मामा आहे का?

अण्णांनी सिद्धार्थकडे बघितलं. सिद्धार्थनं मान हलवली. मामा नव्हता.

"चुलता? भावकी?"

तेही नव्हते. दादू म्हणाला, मग तिथं जिंकणं सोपं आहे. मंगलला मामा आहे. स्थळ त्यानं आणलंय. मुलगा पुण्याला कंपनीत पर्मनंट, हुंडा नाही, मानपान नाही. सुलोचनेचा एकुलता एक थोरला भाऊ तो, त्याचा शब्द खाली पडला तर ती माहेराला मुकते. "गेममधी येकटा मानूस बटान दाबतुया, अण्णा. आमच्यात बटनावर धा जनांची बोटं असत्यात."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मी समजले, इथे काही होणार नाही.

सिद्धार्थनं मात्र दुसऱ्या दिवसापासून मामा करायला घेतला. फेटा, मिशी, हातात पिशवी. गावोगाव तो मामा फार लोकप्रिय झाला. लोकांना राग काढायला कुणीतरी हवंच होतं. पण पाटणजवळच्या खऱ्या मामावर त्याचा काही परिणाम झाला नाही. बघायचा कार्यक्रम मे महिन्यातल्या एका रविवारी ठरला.

मंगलशी मी एकदाच बोलले. दादूच्या घरी, परसात ती कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला धाव्वीला बसायचंय." मग वडिलांचा सदरा झटकून दोरीवर टाकला आणि म्हणाली, "पर मला कुणी इचारलं न्हाई. तुमीच पैल्या."

मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

*

तो रविवार.

सोमवारी पाटणला मोठा खेळ होता. अशा वेळी सामान आदल्या दिवशीच दादूच्या घरी उतरवायचं ही आमची नेहमीची पद्धत. त्याप्रमाणे बदली ड्रायव्हर घेऊन सिद्धार्थ आणि मी सकाळीच जाऊन पोचलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला तिथे असायचं नव्हतं. पण सामान माझ्या ताब्यातलं.

बाहेर सोप्यात सतरंजी अंथरलेली. पाहुणे आलेले: मुलगा, त्याचे वडील, एक चुलता. मंगलचा मामा मध्ये बसून दोन्हीकडचं बोलत होता. गडी भला होता हो. हसतमुख, भाचीचं कल्याण करतोय अशा आनंदात. दादू पाहुण्यांना पाणी देत होता, आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मधल्या खोलीत सिद्धार्थनं कॉम्प्युटर जोडला होता. घाटात जीप आदळली होती, म्हणून सगळं चालतंय का बघायचं होतं. मंगल साडी नेसून भिंतीला टेकून बसलेली. आत चुलीपुढे सुलोचनावहिनींनी पोहे भिजवून ठेवले होते, कांदा चिरून झाला होता, कढई चढवलेली, फोडणी तेवढी बाकी.

वहिनी पदराला हात पुसत मधल्या खोलीत आल्या. दोन वर्षं त्या आम्हाला चहा देत होत्या, पण मशीनला कधी हात लावला नव्हता. लावावासा वाटतो असं म्हणाल्याही नव्हत्या. सिद्धार्थच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मला बी खेळू द्या येकदा."

सिद्धार्थ उठला. त्या बसल्या.

गेम सुरू करताना पहिल्यांदा मुलीचं नाव विचारतो. वहिनी चौथीपर्यंत शिकलेल्या. एका बोटानं स्टिकर शोधायला लागल्या. छ सापडायला वेळ लागला. मग ब. मग उकार. पडद्यावर नाव आलं, छबू.

मंगल भिंतीपासून सरकत पुढे आली. "आये, ही छबू कोन गं?"

"मीच की," वहिनी म्हणाल्या. "ह्या घरात यायच्या आदीची."

मंगलनं ते नाव कधी ऐकलेलं नसावं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितात, आणि मग जुनं कोण उच्चारणार? वहिनी खेळायला लागल्या. पाचवी आली तेव्हा त्या थोड्या थांबल्या. त्यांची शाळा तिथे संपलेली. मग पुढे निघाल्या. पाठ ताठ, डोळे पडद्यावर. सहावी गेली, सातवी गेली. स्थळं येत होती आणि परत जात होती. आत चुलीवर नुसतीच कढई तापत होती.

बाहेरून मामाचा आवाज आला, पोह्यांचं कुठवर आलं? मग दादूच आत आला. म्हणाला, "अगं, पाव्हणं खोळंबल्यात."

वहिनींनी मान वळवली नाही. "वाईच थांबा," त्या म्हणाल्या. "छबूची धाव्वीची परीक्षा हाय."

दादूनं पडद्याकडे बघितलं. रस्त्यावर ती परकर-पोलक्यातली मुलगी शाळेच्या दारात उभी होती, आणि तिच्या डोक्यावर नाव होतं. त्यानं बायकोकडे बघितलं, मग साडी नेसलेल्या मंगलकडे. चुलीपाशी जाऊन कढई उतरवून खाली ठेवली. आणि बाहेर गेला.

मी दाराच्या आडून ऐकत होते. दादू पाहुण्यांच्या समोर खाली बसला आणि हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, माफी करा. आज बघायचा कार्यक्रम हुनार न्हाई. घरात धाव्वीची परीक्षा चाललीया."

मुलाचे वडील गोंधळले. त्यांनी विचारलं, ऐन मे महिन्यात परीक्षा कसली? आणि मुलीची तर नववी झालीय ना?

"मंगलची न्हवं," दादू म्हणाला. "छबूची."

पाहुणे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. चौकशी करताना त्यांना घरातल्या सगळ्यांची नावं सांगितलेली होती, त्यात छबू कोणी नव्हतं. चुलता काहीतरी विचारणार, तेवढ्यात मंगलचा मामा, म्हणजे छबूचा थोरला भाऊ, उठला. त्याचं हसू गेलेलं होतं. कोपऱ्यातली पाहुण्यांची पिशवी त्यानं स्वतः उचलली आणि म्हणाला, "चला पाव्हणं. कराडची एस्टी हाय आता."